हात हलला, पण खूण झाली का?

मागच्या अंकात कॅमेऱ्यासमोर हात हलवून चालणाऱ्या उपकरणांवर एक छोटे टिपण दिले होते. त्यानंतर रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. माणसाच्या हालचाली घडत असतानाच संगणक त्या कशा ओळखतो, हाच सर्वांचा विषय असला तरी विचारणाऱ्यांचे उद्योग वेगवेगळे आहेत, त्यामुळे उत्तरे कुठे लांबली आहेत तर कुठे दोन परिच्छेदांत आटोपली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि नावांऐवजी फक्त गाव किंवा तालुका दिला आहे.

प्रश्न : आमच्या शाळेतील मुले मोबाइल भिंतीला टेकवून त्याच्यासमोर सूर्यनमस्कार घालतात आणि फोन आपोआप संख्या मोजतो. मुलांच्या अंगावर कसलाही पट्टा नसतो की मनगटावर घड्याळ नसते. मग फोनला कळते कसे? आणि कधी कधी बारा घातले असताना तो चौदा का दाखवतो? (एक शिक्षिका, देवरुख)

उत्तर : फोनला सूर्यनमस्कार कळत नाही. त्याला फक्त सांध्यांच्या जागा कळतात आणि पुढचे सगळे त्या जागांवरून केलेले साधे गणित असते. ही दोन कामे मनात वेगळी ठेवली, तर बाराचे चौदा का होतात तेही उलगडते.

पहिले काम म्हणजे सांधे शोधणे. फोनचा कॅमेरा सेकंदाला साधारण ३० चित्रे टिपतो, म्हणजे एका चित्राचा निकाल लावायला ३३ मिलिसेकंदांच्या आसपासच वेळ मिळतो. या वेळात बसेल असे न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे गणिती जाळे, आधी हजारो छायाचित्रांवर शिकवून तयार केलेले असते. त्या छायाचित्रांत खांदा कुठे, कोपर कुठे, घोटा कुठे, हे माणसांनी एकेक करून दाखवून ठेवलेले असते. गूगलने २०२० साली पुढे आणलेली ब्लेझपोझ ही पद्धत घेतली, तर ती नाक-डोळ्यांपासून टाचेपर्यंत ३३ बिंदू देते आणि प्रत्येक बिंदूबरोबर तो खरोखर दिसतो आहे की अंदाजाने ठेवला आहे याचाही एक आकडा देते. वेग साधण्यासाठी तिने एक युक्ती केलेली आहे. संपूर्ण चित्रात माणूस शोधण्याचे जड काम ती फक्त सुरुवातीला करते. एकदा तो सापडला की पुढच्या चित्रात मागच्या जागेच्या आसपासच पाहते. जत्रेच्या गर्दीत मुलाचा हात एकदा धरला की पावलागणिक त्याला नव्याने शोधावे लागत नाही, तसेच हे. सुटला, तर मात्र पुन्हा सगळी जत्रा पालथी घालावी लागते. हा पहिला शोध चेहऱ्याच्या आधाराने होतो, म्हणून पाठमोरे उभे राहून सुरुवात करणाऱ्या मुलाला फोन कधी कधी पकडतच नाही.

एवढ्या थोड्या बिंदूंवरून हालचाल कळते यावर विश्वास बसत नसेल, तर स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांचा १९७३ सालचा प्रयोग आठवावा. त्यांनी माणसाच्या मुख्य सांध्यांवर दिवे लावून त्याला अंधारात चालायला लावले आणि केवळ त्या ठिपक्यांचे चित्रण लोकांना दाखवले. ठिपके स्थिर असताना पाहणाऱ्यांना त्यांत काही अर्थ दिसेना. ते हलू लागताच क्षणार्धात हा चालणारा माणूस आहे हे सगळ्यांनी ओळखले. आपल्याकडे रात्री बांधावरून बॅटरी घेऊन येणारा माणूस दिसत नसला, तरी उजेडाच्या हेलकाव्यावरून हा आपल्या वाडीतला कोण ते ओटीवर बसलेली म्हातारी माणसे नेमके सांगतात, त्यातलाच हा प्रकार.

दुसरे काम मोजणीचे, आणि घोटाळा तिथे होतो. खांदा, कंबर आणि गुडघा या तीन बिंदूंमधला कोन घेतला, तर सरळ उभ्या मुलाचा तो १८० अंशांच्या जवळ येतो आणि वाकल्यावर बराच खाली उतरतो. एखाद्या ॲपने ‘वाकला आणि पुन्हा उभा राहिला की एक’ असा नियम ठेवला असेल, तर तो सूर्यनमस्काराला लागू पडत नाही, कारण बारा स्थितींच्या प्रचलित क्रमात हस्तपादासन दोनदा येते, तिसऱ्या आणि दहाव्या स्थितीत. मोजायचे तर एका फेरीत एकदाच येणाऱ्या गोष्टीवर मोजावे, म्हणजे साष्टांग नमस्काराच्या स्थितीत छाती जमिनीलगत गेली आणि नंतर शरीर पूर्ण उभे झाले, की एक. दुसरा दोष उंबरठ्याचा आहे. ९० अंशांवर एकच रेघ मारून ठेवली आणि दमलेला मुलगा ८९ आणि ९१ यांच्यामध्ये थरथरत राहिला, तर फोन भराभर आकडे वाढवत जातो. पाण्याच्या टाकीवरचा स्वयंचलित पंप टाकी तळाशी आल्यावर सुरू होतो आणि काठोकाठ भरल्यावरच बंद होतो. दोन्हींसाठी एकच खूण ठेवली असती, तर तो दर मिनिटाला चालू-बंद होत राहिला असता. कोनालाही तसेच दोन उंबरठे लागतात, एक जाताना आणि एक येताना.

शिवाय बिंदू स्वतःही थरथरतात. मूल स्तब्ध उभे असले तरी त्याच्या गुडघ्याचा बिंदू पडद्यावर इकडेतिकडे नाचतो. तो शांत करावा तर हालचाल उशिरा दिसते आणि मोकळा सोडावा तर थरथर राहते. २०१२ साली मांडलेल्या ‘वन यूरो’ नावाच्या गणिती गाळणीने यावर सोपा तोडगा काढला आहे: हालचाल संथ असेल तेव्हा जास्त गाळायचे आणि वेगवान असेल तेव्हा जवळजवळ गाळायचेच नाही, कारण वेगात थरथर डोळ्यांना जाणवत नाही आणि संथपणात उशीर जाणवत नाही.

तुमच्यापुरते सांगायचे तर फोन मुलाच्या समोर न ठेवता बाजूला, दोन-तीन मीटरांवर, कमरेच्या उंचीवर ठेवा. समोरून पाहिले तर वाकलेल्या मुलाचे धड कॅमेऱ्याच्या दिशेने येते आणि एकाच कॅमेऱ्याला लांबी व खोली यांतला फरक नीट कळत नाही. वर्गाचे उघडे दार मुलाच्या पाठीमागे येऊ देऊ नका. बाहेरच्या लख्ख उजेडापुढे मूल काळी सावली होऊन बसते.

प्रश्न : जाखडीत आठ-दहा जण गोल धरून नाचतात आणि सतत एकमेकांच्या आड जातात. अशा वेळी कोणता हात कुणाचा हे संगणक कसे ठरवतो? (जाखडी मंडळाचे एक सभासद, संगमेश्वर तालुका)

उत्तर : याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात आधी प्रत्येक माणसाभोवती चौकट आखतात आणि मग प्रत्येक चौकटीत सांधे शोधतात. माणसे वाढली की वेळ वाढतो आणि गोलात चौकटी एकमेकींवर चढतात, त्यामुळे तुमच्या कामाला हा मार्ग फारसा सोयीचा नाही. दुसरा मार्ग २०१७ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातून आलेल्या ओपनपोझने रूढ केला. त्यात माणसांचा विचार आधी करतच नाहीत. चित्रातली सगळी मनगटे, सगळी कोपरे, सगळे गुडघे शोधून ठेवतात आणि त्याबरोबर प्रत्येक ठिकाणी हाताचा किंवा पायाचा रोख कोणत्या दिशेला आहे याचा एक नकाशा तयार करतात. कोपर आणि मनगट यांना जोडणाऱ्या रेषेवर तो रोख जुळला, तर ती जोडी एकाच माणसाची. अशा जोड्या लावत लावत शेवटी माणसे उभी राहतात, आणि नाचणारे पाच असोत की पंधरा, वेळेत मोठा फरक पडत नाही.

मात्र पुढच्याच्या मागे पूर्ण झाकलेला पाय कोणत्याच गणिताला दिसत नाही. तिथे संगणक अंदाज करतो, आणि दोघे एकमेकांना ओलांडून गेल्यावर त्यांची अदलाबदल करून ठेवतो. चित्रण माडीच्या खिडकीतून तिरपे घेतले तर आडोसा कमी होतो. अगदी डोक्यावरून घेऊ नका. शिकवण्याच्या छायाचित्रांत वरून दिसणारी माणसे फार कमी असतात, त्यामुळे तिथे ही यंत्रे गोंधळतात.

प्रश्न : आमच्या दशावतारी नाटकात कलाकाराने ठरावीक प्रकारे हात उचलताच प्रकाश बदलावा आणि धूर सुटावा अशी इच्छा आहे. सध्या एक मुलगा बाजूला बसून बटण दाबतो, पण त्याला उशीर होतो. कॅमेरा आणि लॅपटॉप लावून हे आपोआप होईल का? (एक तरुण, कुडाळ तालुका)

उत्तर : होईल, पण करू नका असेच मी सांगणार आहे, आणि त्याचे कारण तुमच्याच रंगमंचावर अनेकदा सादर झालेल्या एका आख्यानात आहे.

उशिराची बाब आधी बाजूला करू. चित्र टिपणे, सांधे शोधणे आणि दिव्याला आज्ञा देणे हे सगळे मिळून बेताच्या लॅपटॉपवरही सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होऊ शकते. पाहून बटण दाबायला माणसालाच पाव सेकंद लागतो. तेव्हा वेगात यंत्र मुलाला हरवील. अडचण अशी, की तुमचा कलाकार तीन तास हात हलवतच असतो. त्याने युद्धात हात उचलला, आशीर्वाद देताना उचलला, मुकुट सावरायला उचलला, आणि एकदाच धुरासाठी उचलला. यांतला चौथा कोणता हे यंत्राने कसे ओळखावे?

भस्मासुराला मिळालेला वर नेमका याच जातीचा होता. खूण ठरलेली होती, हात डोक्यावर. परिणामही ठरलेला होता. पण हे डोके कुणाचे आणि हात तिथे जाणूनबुजून ठेवला आहे की नाचाच्या ओघात गेला आहे, हे विचारण्याची सोय त्या वरात ठेवलेली नव्हती. मोहिनीने नाचता नाचता स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला, त्याने तिचे अनुकरण केले आणि त्याचे भस्म झाले. खूण ओळखण्यात काडीची चूक झाली नाही. चूक खूण नसलेल्या हालचालीला खूण मानण्यात झाली. या विषयात काम करणाऱ्यांची निम्मी डोकेदुखी आजही हीच आहे.

आकड्यांत पाहा. तीन तासांच्या नाटकात सेकंदाला ३० या हिशेबाने ३,२४,००० चित्रे होतात. यंत्र दहा हजार चित्रांत एकदाच चुकले, म्हणजे कागदावर ९९.९९ टक्के अचूक ठरले, तरी नाटकात ३२ वेळा भलत्याच जागी धूर सुटेल. मला स्वतःला याचा प्रसाद मिळालेला आहे. एका महाविद्यालयात हात डावीकडे नेला की पुढचे पान येईल अशी व्यवस्था करून मी व्याख्यानाला उभा राहिलो, आणि कानाशी आलेला डास हाकलताना सलग तीन पाने उलटली. मुले हसली ती हसलीच, पण मागे जायची खूण करताना मी आणखी एक पान पुढे गेलो.

उपाय आहेत. खूण अशी निवडायची की ती नाटकात एरवी येतच नाही, आणि ती किमान अर्धा सेकंद, म्हणजे सलग १५ चित्रांत, टिकली तरच मानायची. हालचाल स्थिर नसून ओघवती असेल, उदाहरणार्थ चक्र फिरवून सोडण्याचा अभिनय, तर वेगळी अडचण येते: एक कलाकार ती विलंबित लयीत करील, दुसरा द्रुत लयीत. दोन्ही एकच आहेत हे जुळवण्यासाठी काळाचा पट्टा कुठे ताणून आणि कुठे आखडून दोन हालचाली एकमेकींवर बसवून पाहतात. हे तंत्र १९७० च्या दशकात उच्चारलेले शब्द ओळखण्यासाठी विकसित झाले आणि नंतर हातवाऱ्यांच्या कामी आले. १९९२ साली जपानी संशोधकांनी टेनिसचे सहा फटके ओळखून दाखवले, तेही आवाज ओळखण्याच्या क्षेत्रातून उसन्या घेतलेल्या संभाव्यतेच्या गणितावर.

तरीही तुमच्या मंडळासाठी माझे मत वेगळे आहे. दशावतारातले संवाद रंगमंचावर उत्स्फूर्त रचले जातात, खूण कोणत्या वाक्याला येईल हे आधी ठरलेले नसते, दिव्यांचे रंग बदलत राहतात आणि भरजरी पोशाखात कंबर-गुडघे झाकलेले असतात. यंत्राला प्रतिकूल असे सगळे एकाच जागी आले आहे. याउलट कलाकार आता काय करणार हे त्याच्या आधी ज्याला कळते असा माणूस तुमच्याकडे आहेच. धुराचे बटण त्या मुलाकडून काढून घ्या आणि पेटीमास्तरांच्या पायाशी ठेवा.

प्रश्न : आम्ही पर्यटकांना समुद्राखाली घेऊन जातो. पाण्यात बोलता येत नसल्यामुळे सगळे हाताच्या खुणांवर चालते. जलरोधक पेटीतला कॅमेरा पर्यटकाची खूण ओळखून वर होडीला कळवू शकेल का? (स्कूबा मार्गदर्शक, मालवण)

उत्तर : तुमच्या खुणांचा संच यंत्राच्या दृष्टीने उत्तम आहे, कारण तो लहान आहे, ठरावीक आहे आणि हेतुपुरस्सरच केला जातो. पाणी मात्र यंत्राच्या बाजूचे नाही.

लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, म्हणून हाताचा रंग आणि पाण्याचा रंग यांतला फरक पुसट होतो. तरंगणाऱ्या कणांवरून उजेड परत येऊन चित्रावर धुके धरते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी अंतर मोजणारे कॅमेरे पाण्यात जवळजवळ निरुपयोगी, कारण पाणी ते किरण थोड्याच अंतरात गिळून टाकते. पहिल्या उत्तरात सांगितलेली चेहऱ्यावरून माणूस शोधण्याची युक्तीही मुखवटा आणि तोंडातली नळी यांच्यापुढे लंगडी पडते. आणि ओळखलेली खूण होडीवर पाठवायची कशी? वाय-फायच्या लहरी समुद्राच्या पाण्यात हातभरही नीट जात नाहीत. एक तर वायर हवी, नाहीतर ध्वनिलहरींवर चालणारा महाग संपर्क.

तरी हे करून पाहिले गेले आहे. युरोपीय संघाच्या मदतीने २०१४ ते २०१६ या काळात चाललेल्या कॅडी या प्रकल्पात पाणबुड्याबरोबर पोहणारा यंत्रमानव तयार केला गेला आणि त्याच्यासाठी हाताच्या खुणांची एक छोटी भाषाच रचण्यात आली. खुणा ठळक दिसाव्यात म्हणून हातमोज्यांवर रंगीत पट्टे होते. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे ‘बोलणे सुरू’ आणि ‘बोलणे संपले’ यांसाठी स्वतंत्र खुणा ठेवल्या होत्या, आणि यंत्रमानव आपल्याला काय समजले ते पडद्यावर दाखवून आधी होकार घेई. भस्मासुराच्या वरात नव्हते ते यात होते.

तुमच्या कामात तर अर्थाचाही गुंता आहे, आणि तो तुम्ही रोज पाहत असणार. प्रशिक्षित पाणबुड्यांमध्ये अंगठा वर म्हणजे ‘वर चला’ आणि ‘सगळे ठीक’ यासाठी अंगठा व तर्जनी यांचे कडे. पण किनाऱ्यावर दहा मिनिटे शिकवलेला पर्यटक खाली रंगीत मासे दिसले की आनंदाने अंगठा वर करतो, आणि नियमाप्रमाणे वागायचे तर त्याला लगेच वर आणावे लागते. त्याचे डोळे, त्याचा श्वास, मागे सुटणारे बुडबुडे पाहून तुम्ही ठरवता की हा खुशीत आहे की घाबरला आहे. यंत्र अंगठा पाहील आणि तेवढेच पाहील. सरावाच्या वेळी खुणा तपासून घ्यायला, तेही किनाऱ्यावर, असा कॅमेरा जरूर वापरा. पाण्याखालच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. घरात आमचे खुणांनी चालते, पण दुकानदाराला किंवा एसटीच्या कंडक्टरला तिचे म्हणणे कळत नाही. तिच्या खुणा पाहून फोन मराठीत बोलेल असे काही आहे का? एका प्रदर्शनात तसे हातमोजे पाहिले. ते घ्यावेत का? (एक आई, गुहागर तालुका)

उत्तर : हातमोजे घेऊ नका. हे आधी सांगतो, कारण ते महाग असतात आणि दाखवणारे मोठ्या आशेने दाखवतात.

सांकेतिक भाषा केवळ हातांत नसते. भुवया उंचावल्या तर तेच वाक्य प्रश्न होतो, मान हलली तर नकार होतो, खांदा वळला तर बोलणारा बदलतो. हातमोज्याला बोटे कळतात. चेहरा त्याला कळण्याचा मार्गच नाही. अमेरिकेत २०१६ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील दोन विद्यार्थ्यांना अशा हातमोज्यांसाठी मोठे पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याच विद्यापीठातील भाषा-अभ्यासकांनी आणि कर्णबधिरांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता.

कॅमेऱ्याला निदान चेहरा दिसतो. आजच्या पद्धती एका हातावर २१ बिंदू धरतात, आणि दोन्ही हात, चेहरा, खांदे एकत्र पाहू शकतात. पण भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरे दोन हातांनी दाखवली जातात, त्यात एक हात दुसऱ्याला झाकतो आणि झाकलेल्या बोटांचे बिंदू अंदाजाने ठेवले जातात. त्याहून मोठी अडचण वाक्याची. सुटे सुटे शब्द ओळखणे आता बऱ्यापैकी जमते. पण तुमची मुलगी भराभर बोलते तेव्हा एका खुणेचा शेवट दुसरीच्या सुरुवातीत मिसळलेला असतो, आणि मधला हाताचा प्रवास ही खूण नसते. डास हाकलण्याच्या माझ्या गोष्टीतली अडचण इथे दर शब्दाला येते. शिवाय क्रम वेगळा असतो. मराठीत आपण ‘तू कुठे जातोस’ म्हणतो. या भाषेत ‘कुठे’ शेवटी येते. शब्दाला शब्द ठेवून मराठी होत नाही.

आणि शिकवायला सामग्री किती आहे? दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राच्या चित्रफितींच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते आणि २०२१ पर्यंत ते १०,००० झाले. संगणकाला शिकवण्यासाठी २०२० साली एआय फॉर भारत या गटाने प्रसिद्ध केलेल्या ‘इन्क्लूड’ या संग्रहात २६३ शब्दांच्या ४,२८७ चित्रफिती आहेत. माणसांसाठी दहा हजार आणि यंत्रासाठी अडीचशे, एवढी ही दरी तेव्हा होती. त्यात तुमच्या घरातल्या खुणा घरातच तयार झालेल्या असतील, तर त्या कोणत्याच संग्रहात असणार नाहीत.

तेव्हा दुकान आणि एसटी यांपुरता उलटा मार्ग धरा, तो आज चालतो. मराठी बोलणे ऐकून अक्षरांत दाखवण्याचे काम साधा फोन चांगले करतो. कंडक्टर बोलला की तिने वाचावे, आणि तिने मराठीत लिहिले की फोनने मोठ्याने वाचून दाखवावे. रोजची आठ-दहा वाक्ये, जसे ‘एक अर्धे तिकीट द्या’, आधीच साठवून ठेवता येतात. खुणांच्या बाजूने पाहायचे तर वर सांगितलेल्या शब्दकोशाच्या चित्रफिती इंटरनेटवर विनामूल्य आहेत. त्या तिच्याबरोबर तुम्ही आणि तिच्या वडिलांनीही पाहाव्यात, म्हणजे घरातल्या खुणा हळूहळू देशभर चालणाऱ्या खुणांना जाऊन मिळतील आणि पुढे एखादे यंत्र खरोखर तयार झाले, तर त्याला तिची भाषा ओळखीची असेल.

प्रश्न : पाहुण्यांच्या मुलांसाठी जुने किनेक्ट, म्हणजे अंगाच्या हालचालींवर खेळ चालवणारा कॅमेरा, घेतले. दिवस मावळल्यावर अंगणात ते छान चालते, पण दुपारी त्याला माणूस दिसतच नाही. विकणाऱ्याने फसवले का? (घरगुती निवासाचे मालक, मुरूड)

उत्तर : फसवले नाही. २०१० साली मायक्रोसॉफ्टने आणलेले हे पहिले किनेक्ट समोरच्या दृश्यावर अवरक्त किरणांचे हजारो ठिपके टाकते आणि ते कुठे सरकले यावरून प्रत्येक जागेचे अंतर काढते. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण इतके भरलेले असतात, की दुपारच्या उन्हात ते ठिपके पेटलेल्या उदबत्तीसारखे हरवून जातात.

अंतर मिळाले की पुढचे काम मात्र ते आजही थक्क करणारे करते. शरीराचे ३१ भाग कल्पून प्रत्येक बिंदू कोणत्या भागात येतो हे ते ठरवते आणि त्यावरून २० सांधे काढते. भाग ओळखण्याचे हे गणित खेळयंत्रावर एका चित्राला ५ मिलिसेकंदांहून कमी वेळात होत असे. त्यासाठीची शिकवणी दहा लाख चित्रांवर झाली होती, आणि संशोधकांनी लिहिल्याप्रमाणे तिला १,००० प्रोसेसर-गाभ्यांच्या संगणकसंचावर सुमारे एक दिवस लागला. ती चित्रे बहुतेक संगणकानेच रचलेली होती, कारण एवढ्या माणसांना एवढ्या ढंगांत उभे करून सांध्यांवर खुणा करत बसणे शक्य नव्हते.

तुम्ही ते अंगणातून ओटीवर आणा, उघड्या बाजूला पाठ करून ठेवा आणि मुलांना सव्वा ते साडेतीन मीटरांच्या पट्ट्यात उभे करा. त्याचे उत्पादन केव्हाच थांबले आहे, त्यामुळे सुटे भाग जपून वापरावे लागतील. आणि पुढे ते लॅपटॉपला जोडायचा विचार असेल, तर त्याला केवळ यूएसबीची वीज पुरत नाही. वेगळा अडॅप्टर लागतो, तो विकणाऱ्याकडे आहे का ते आत्ताच विचारून ठेवा.